हिरव्या पाण्याचं लोकार्पण

"चेंडू गटारात गेला! इंद्र्या, पळ!" अपेक्षा ओरडली.

मायाचा मित्र इंद्रजीत पळाला, पण माया त्याच्याही आधी पोचली. आज तिला पळायलाच हवं होतं. घरात बसलं की जीव नुसता वरखाली व्हायचा आणि डोळ्यांसमोर रोहन यायचा. तिचा धाकटा भाऊ रोहन कालपासून शिरूरच्या सरकारी दवाखान्यात होता. जुलाब-उलट्यांनी पोराचे डोळे पार खोल गेले होते. आई त्याच्याजवळ होती, आणि पप्पा रांजणगावच्या कंपनीतून सुटले की परस्पर तिकडे जाणार होते. "तू घरी थांब, अपेक्षाला एकटी टाकू नको," असं आई बजावून गेली होती. अपेक्षा ही मायाची मामेबहीण. मे महिन्याच्या सुट्टीला दौंडहून आली होती, आणि आल्या आल्या घरात हे असं झालं होतं.

उंबरसांगवीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तेव्हापासून गावात रोज कुठं ना कुठं खोदकाम चाललेलं असायचं. या खेपेला मायाच्या वस्तीच्या, सिद्धार्थनगरच्या तोंडाशी नवा रस्ता झाला होता, कडेनं नवं गटार, त्यावर सिमेंटच्या फरश्या. एकाच ठिकाणी फरशी बसायची राहिली होती, आणि चेंडू नेमका तिथूनच आत पडला होता.

माया पालथी पडून आत डोकावली.

"अगं, हे बघ काय!"

काळ्या घाण पाण्यात चेंडू एका जागी गरगर फिरत होता. त्याच्या खालून, गटाराच्या तळाच्या भेगेतून, काचेसारखं स्वच्छ पाणी बुडबुड करत वर येत होतं.

"झरा लागला की काय?" इंद्रजीत म्हणाला.

"मे महिन्यात? गटारात?" अपेक्षानं नाक दाबलं.

तेवढ्यात समोरच्या नळावरून कस्तुराबाईंची हाक आली, "नळ गेला गंऽऽ! ज्याची भरायची राहिली त्यानं आता संध्याकाळचीच वाट बघा!"

आणि गटारातले बुडबुडे थांबले. चेंडू फिरायचा थांबला. मग गुळगुळ असा आवाज झाला, आणि ते काळं पाणी हळूहळू त्याच भेगेतून खाली जायला लागलं.

"गटार पाणी पितंय!" इंद्रजीत पुटपुटला.

"गटार पीत नाहीये," माया उठून उभी राहिली. "पाणी आत कुठंतरी जातंय. कुठं?"

उत्तर मिळालं ते रसवंतीत. अपेक्षा आणि इंद्रजीत बाकावर बसली, पण माया काही टेकली नाही. ती उभ्यानंच रस पीत येरझाऱ्या घालत होती. अपेक्षानं नळीला दातानं एक भोक पाडलं आणि फुंकर मारली. भोकातून रस उडाला तो थेट इंद्रजीतच्या शर्टावर!

"ए, काय करतेस!"

"थांब ना! मी फुंकते तेव्हा रस बाहेर येतो. म्हणजे नळाला पाणी असतं तेव्हा." मग तिनं नळीचं भोक बाकावर सांडलेल्या रसात धरलं आणि तोंडानं नळीतून हवा ओढली. सांडलेला रस भोकातून आत शिरला. "आणि पाणी बंद झालं, पाइप रिकामा झाला की..."

"की गटाराचं पाणी पाइपात!" मायाच्या हातातला ग्लास डचमळला. "ती लाइन आमच्या सिद्धार्थनगरची आहे. रोहन तेच पाणी प्यायला. आमच्या गल्लीतल्या नकुशीआजी आजारी पडल्या, त्याही तेच पाणी प्यायल्या. इंद्र्या, तुझ्या आबांकडे चल. आत्ताच्या आत्ता!"

इंद्रजीतचे आजोबा पोपटराव हे नगरपंचायतीचे पाणीपुरवठा सभापती होते. ते रस्त्याकडेला उभारलेल्या मांडवात खुर्ची टाकून बसले होते. उद्या संध्याकाळी या रस्त्याचं आणि कोपऱ्यावरच्या नव्या सार्वजनिक नळाचं लोकार्पण होतं. शेजारी ठेकेदार खैरे मोबाइलवर कुणाला तरी ओरडत होता.

तिघांनी एका दमात सगळं सांगितलं. पोपटरावांनी ऐकून घेतलं आणि हसून मायाच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, टाकी मी सोता धुऊन घेतलीय. जंतुनाशक टाकलंय. उन्हाळा हाय, पोरं कुठंबी गारीगार खात्यात, भेळ खात्यात. हुतं असं."

"पण आबा, तुम्ही नुसतं येऊन बघा ना!" इंद्रजीत म्हणाला.

"आता येळ हाय का मला? उद्या पाव्हणे यायचेत!"

खैरेचा चेहरा मात्र बदलला होता. "सभापतीसाहेब, ती एक फरशी राहिलीय, तिचंच पोरांना कौतुक! उद्या दुपारपर्यंत बसवून टाकतो. विषय संपला!"

विषय संपणार! मायानं गटाराकडे वळून पाहिलं. फरशी बसली की भेग कुणाला दिसणार? आणि उद्या, परवा, तेरवा, सिद्धार्थनगरात लोक घागरी भरतच राहणार.

रात्री तिला झोप येईना. दहा वेळा कूस बदलून झाल्यावर तिनं अपेक्षाला हलवलं. "पाण्याला रंग असता, तर सगळ्यांना दिसलं असतं!"

अपेक्षा झोपेतच म्हणाली, "मग देऊ की रंग," आणि ताडकन उठून बसली.

सकाळी वाण्याकडून त्यांनी बर्फीत घालतात तो हिरवा रंग आणला. खाण्याचाच, म्हणजे कुणाला अपाय नको. मिळाल्या तेवढ्या सगळ्या पुड्या एका बादलीत कालवल्या. माया आधी कस्तुराबाईंकडे गेली. गल्लीत त्यांचा शब्द चालायचा.

"मावशी, आज संध्याकाळी नळाचं पाणी कुणीच भरायचं नाही. काय दिसतं ते फक्त बघायचं. आणि घरातलं उकळून प्या."

"का गं?"

"आत्ता सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही."

कस्तुराबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "रोहनचं काही हाय व्हय यात?"

मायानं मान डोलावली.

"मग सांगते मी समद्यांना," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्याच.

दुपारी मुकादम फरशी घेऊन आला. त्याच्या हातात थापी, डोक्याला रुमाल. आता अगदी थोडा वेळ हातात होता! इंद्रजीतनं केस नीट केले आणि ऐटीत पुढं झाला.

"मुकादमकाका, लोकार्पणाचा व्हिडिओ काढायचाय. रस्ता ज्यांनी बांधला ते नकोत का त्यात?"

"मी?" मुकादम लाजला. "आबांनी सांगितलंय?"

"मी आबांचा नातू आहे," इंद्रजीत म्हणाला, आणि ते तर खरंच होतं!

अपेक्षानं मोबाइल सरसावला. "काका, थोडं इकडं! अजून इकडं! ऊन तोंडावर आलं पाहिजे. रुमाल काढा. हां, आता हसा! हसू नका, कामात दिसा! सांगा, गटार बांधताना तुम्हाला काय वाटलं?"

मुकादम गटाराकडे पाठ करून छाती काढून बोलायला लागला. त्याच्या मागून माया बादली घेऊन वाकून पळत आली. घाईत थोडा रंग तिच्या पायांवरच सांडला. बाकी सगळा तिनं भेगेवर ओतला. गुळगुळ! हिरवं पाणी भेगेत शिरलं. ती मागच्या मागे पसार झाली. पाच मिनिटांत फरशी बसली, सांध्यात सिमेंट भरलं गेलं.

संध्याकाळी मांडव भरला. भोंग्यावर गाणी लागली. नगरपंचायतीच्या मुख्याधिकारी मोनाली मॅडम पहिल्या रांगेत होत्या. पोरांचा बेत साधा होता. मायानं घरच्या नळाचं पाणी बाटलीत धरायचं, पळत यायचं आणि ते मॅडमच्या हातात द्यायचं. पण ती निघणार इतक्यात पोपटराव माइकवर म्हणाले, "काही लोकं उगाच पाण्याबद्दल अफवा उठवत्यात. म्हणून ह्या नव्या नळाचं पैलं पाणी मी सोता पिऊन दाखवनार हाय! इथं, तुमच्या समोर!"

"मेलो!" इंद्रजीतचा चेहरा पांढरा पडला. "माया, हा नळ त्याच लाइनवर आहे!"

नळावरचं झेंडूचं तोरण कापलं गेलं. टाळ्या पडल्या. पोपटरावांनी नळाखाली स्टीलचा पेला धरला आणि तोंड कॅमेऱ्याकडे केलं. नळ फुरफुरला, खोकला, आणि धो धो पाणी आलं. हिरवंगार!

पहिल्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं. मागची पोरं हसायला लागली. कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्या पोपटरावांना मात्र काहीच पत्ता नव्हता. पेला त्यांच्या ओठांपाशी गेला.

"आबा, पिऊ नकाऽऽ!" इंद्रजीतनं झेप घेतली आणि आजोबांचा हातच धरला. पेला खणकन खाली पडला. पांढऱ्याशुभ्र धोतरावर हिरवं पाणी सांडलं.

पोपटराव लालबुंद झाले. "कुनी केला ह्यो चावटपना? नळात रंग कुनी टाकला?"

भोंगा बंद पडला. माया पुढं आली. पाय अजून हिरवे होते, ते लपवायला जागाच नव्हती.

"आम्ही टाकला, आबा. पण नळात नाही." तिनं रस्त्याकडेला बोट केलं. "आम्ही तो गटारात टाकला!"

गटारात टाकलेला रंग नळाला आला, याचा अर्थ एकेकाच्या लक्षात येत गेला. कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हंजी आम्ही इतके दिवस काय पीत हुतो?"

खैरे घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, लहान पोरं आहेत, पाहुणे आलेत..."

मोनाली मॅडम त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. "जागा दाखवशील?" त्यांनी मायाला विचारलं. आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "या लाइनचं पाणी आत्ता बंद करा. जेसीबी बोलवा."

मांडवातले सगळे लोक गटाराकाठी जमले. ताजी फरशी उचलली गेली, गटाराचा तळ फुटला. खाली पाइप दिसला. जेसीबीच्या दातानं तो हातभर चिरला होता, आणि त्या चिरेवर टायरची जुनी ट्यूब आणि सिमेंटची रिकामी गोणी गुंडाळून तारेनं आवळली होती.

"खोदताना लागला दात," खैरे खाली मान घालून म्हणाला. "लोकार्पणाची घाई होती. वाटलं, नंतर दुरुस्त करू."

पोपटराव गर्दीतून खड्ड्याच्या काठाशी आले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "काम पुरं झालं म्हनून सही मीच केली. बघायला आलो न्हाई. ह्या पोरांनी बोलावलं, तवाबी आलो न्हाई."

त्याच संध्याकाळी सिद्धार्थनगरात टँकर आला. दवाखान्याच्या पथकानं घरोघरी तपासणी केली, नकुशीआजींना वेळेवर शिरूरला हलवलं. खैरेचं काम काढून घेतलं गेलं आणि त्याची चौकशी लागली. माया दवाखान्यात गेली, तेव्हा रोहन गादीवर बसून मऊ भात खात होता. "ताई, तू सगळ्या गावाला हिरवं पाणी पाजलंस म्हणे?" त्यानं विचारलं. माया हसता हसता रडायला लागली.

नगरपंचायतीच्या सभेत तिघांचं कौतुक झालं. "डोळे तर सगळ्यांनाच होते," मोनाली मॅडम म्हणाल्या, "वाकून बघितलं या मुलांनी." अपेक्षाच्या दौंडच्या शाळेलाही त्यांनी कळवलं. आणि पोपटरावांनी स्वतः ठराव मांडला की यापुढं गावात कुठलाही पाइप त्या गल्लीतल्या लोकांना दाखवल्याशिवाय बुजवायचा नाही.

नवा पाइप बसला त्या दिवशी सगळी गल्ली खड्ड्याभोवती उभी होती. मजुरांनी फावडी उचलली, तेवढ्यात पोपटरावांनी हात वर केला.

"थांबा! माया, उतर खाली. नीट बघ. तू व्हय म्हनल्याबिगर माती पडायची न्हाई."

माया खड्ड्यात उतरली. ओल्या मातीत पाय रुतले. तिनं प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला, कान लावून ऐकलं, एका सांध्याशी परत गेली आणि पुन्हा तपासला. वर कुणी घाई केली नाही.

मग तिनं वर पाहिलं.

"हं," ती म्हणाली, "आता टाका!"