दुसरं नाव

दार उघडलं, तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता. छातीशी धरलेली प्लास्टिकमधली डबी मात्र कोरडी ठणठणीत. समीक्षाला हसू आलं… ते तिनं ओठांतच ठेवलं.

"पुंडलिककाकांचं घर ना? मी अंकुर, लोहाऱ्याहून आलो. काका हायेत?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"येतील?"

होकारार्थी.

"पुसदच्या पोरी बोलत नाहीत काहून?"

"श्रावण सोमवार हाये बाबू!" स्वयंपाकघरातून तिची आई, बेबीताई, हसत म्हणाली. "सांजचा दिवा लागेपर्यंत मौन असते तिचं. बस तू, हे देवळातून येतीलच."

"बरं झालं," तो समीक्षाकडे पाहत म्हणाला, "आज माहं कोणी ऐकून तरी घेईन."

डबी म्हणजे डॅक. फोनमधल्या आकड्यांचे पुन्हा सूर करणारी. ती त्यानं स्वतः घरी जोडली होती, आणि पारख करणार होते समीक्षाचे बाबा. पेटीचा एक सूर उतरला तरी चालू भजन थांबवणारा माणूस! त्यांच्या कानाचा साऱ्या पुसदला अभिमान होता.

बाबांच्या भजनाच्या ॲम्प्लिफायरला डबीच्या वायरी जोडता जोडता तो हळूच म्हणाला, "काकांनी मान डोलावली, तर नोकरी सोडून हेच करीन. नाही डोलावली… तर ही डबी कायमची कपाटात. हे कोणाले सांगितलं नाही. तुमाले सांगतो, कारण तुमी सांगणार नाही. दिवा लागेपर्यंत तरी!"

तिनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

त्यानं फोनचा आवाज पूर्ण ठेवला, आवाज सजवणारी सगळी बटणं बंद केली. "कमी-जास्त करायचं ते फक्त ॲम्प्लिफायरवर," असं पुटपुटत फोनमध्ये साठवलेलं बाबांचंच भजन लावलं. सूर आला… पण त्याच्याखाली भुंगा बसल्यासारखी गुणगुण. त्यानं वायरी बदलल्या, टोकं पुसली. भुंगा हलेना. त्याच्या कपाळावर घाम आला.

सकाळपासून न बोललेल्या समीक्षाचे कान मात्र लख्ख झाले होते. देवघरातली लाइटची माळ उजळली की गुणगुण वाढायची, विझली की ओसरायची. माळ आणि डबी, दोन्ही एकाच बोर्डावर! तिनं देवघराकडे बोट दाखवलं.

"अरे! चुकलंच," म्हणत त्यानं घाईघाईनं देवाला हात जोडले.

गुणगुण तशीच. तिनं पुन्हा, अधिक ठासून, बोट दाखवलं.

त्यानं सरळ साष्टांग नमस्कार घातला.

बेबीताईंनी तोंडात पदर कोंबला. समीक्षाच्या जिभेवर शब्द आला होता… एकच शब्द! तिनं तो गिळला, उठली आणि माळेची पिन उपसून काढली.

भुंगा गेला. आणि बाबांचा आवाज असा उलगडला, की दोन ओळींमधला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू यावा.

दारात पुंडलिकराव उभे होते. छत्री ठिबकत होती, मान डोलत होती.

"वा! कोणी साधलं रे हे?"

समीक्षानं अंकुरकडे पाहिलं. 'मी' म्हणाला असता, तर कोण नाही म्हणणार होतं?

"डबी माही काका," अंकुर म्हणाला, "पण गुणगुण यांनी घालवली. मी निरा लोटांगण घालून राह्यलो होतो."

"माही पोर हाये ती!" बाबांची छाती फुगली.

समीक्षाचीही फुगली होती, पण स्वतःसाठी नाही. सारं पणाला लावून आलेला हा मुलगा, आणि कौतुक असं सहज दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतो… आपलं माणूस असावं तर असं.

माळ विझलेली, देव अंधारात कसे ठेवायचे? सांज झालीच होती. तिनं समई लावली, हात जोडले. मौन सोडताना पहिलं नाव देवाचं, हा तिचा नेम. तिनं महादेवाचं नाव घेतलं. दुसरं कोणाचं घ्यावं, याला काही नेम नव्हता.

"अंकुर…"

त्याच्या हातातली वायर खाली पडली.

"नोकरी खुशाल सोडा. पण पुढच्या सोमवारी येऊ नका."

त्याचा चेहरा उतरला. "काहून?"

"मंगळवारी या," समईच्या उजेडात ती हसली. "मले लय बोलायचं हाये."