झोपायच्या खोलीचं कापड

केसांत कापसाचे पुंजके घेऊन तो दुकानात शिरला, तेव्हा रुपा शिडीवर चढून पडद्यांची थानं लावत होती. कापसाच्या गाड्यांनी सकाळपासून आदिलाबादचा रस्ता अडवून धरला होता. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघावी.

"काय पाहिजे, अन्ना?"

"शाल."

"शाल शेजारी मिळते. हे पडद्याचं दुकान हाय."

"शेजारचं तं बंद हाय..." त्यानं वर पाहिलं आणि नजर खाली घ्यायचं विसरूनच गेला. "आन् मराठी माणसाले अन्ना काऊन म्हणता जी?"

"मंग काय म्हणू? दादा?"

"नको— दादा तं बिलकूल नको!"

रुपा खळखळून हसली आणि स्वतःच चपापली. मंचेरियलहून सोडचिठ्ठी घेऊन ती बापाच्या घरी परतली, तेव्हापासून असं हसू तिला आलं नव्हतं. तिथल्या संसारात तिनं कधी उशीच्या अभ्र्याचा रंगही ठरवला नव्हता. इथं मात्र केशवरावांनी, तिच्या वडिलांनी, दुकान तिच्या हाती सोपवलं होतं, आणि गावातल्या नव्या घरांच्या खिडक्या आता तिच्या पसंतीनं सजत होत्या.

त्याचं नाव सुरेंद्र. भीमपूरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि इथं आदिलाबादला तो नवं घर बांधत होता. शाल राहिली बाजूला. त्यानं पडदेच बघायला मागितले. मग दर बाजाराच्या दिवशी तो येऊ लागला. थान उघडायला लावायचा आणि कापडाकडे कमी, तिच्या बोटांकडे जास्त पाहायचा.

"हे घेऊ का?"

"हे सोफ्याचं हाय. खिडकीले लावलं तं वाऱ्यानं हलणार बी नाही."

"वाऱ्याले काय, मी हलवीन."

"दिवसभर खिडकीतच उभे राहान?"

"कोणी सोबतीले असन तं... राहीन."

रुपानं घाईघाईनं थान गुंडाळलं. ते नेमकं उलटं गुंडाळलं गेलं.

खिडक्यांची मापं घ्यायला ती त्याच्या घरी गेली, तेव्हा भिंतींना ओल्या रंगाचा वास होता. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. बैठकीसाठी तिनं पानांच्या नक्षीचं फिकट कापड सुचवलं, स्वयंपाकघरासाठी चौकड्यांचं— फोडणीचे डाग दिसू नयेत म्हणून. झोपायच्या खोलीत मात्र ती अडखळली.

"इथं काय लावू?"

"इथं तू झोपेतून उठशीन, असं समजून निवड."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. रुपाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण ती लपवाछपवी करणाऱ्यांतली नव्हती. तिनं तिथंच, रिकाम्या खोलीत उभ्याउभ्या, मंचेरियलचं सगळं सांगून टाकलं.

सुरेंद्रनं टेप सोडला नाही. "तू सांगितलं, मी ऐकलं. आता ते संपलं. पडदे लागले की आईले सांगतो मी. ती तुह्या बाबांकडं येईन."

"खरंच?"

"खोटं बोलून मले काय भेटणार हाय, येडे?"

त्या खोलीसाठी रुपानं निळसर राखाडी सुती कापड काढलं, पहाट फुटायच्या आधीच्या आभाळासारखं. त्याला शिंप्याचा हातही लागू दिला नाही. कडा तिनं स्वतः शिवल्या... आणि शिवताना ती गुणगुणत होती, हे केशवरावांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पडदे लावायच्या दिवशी सुरेंद्रची आई, कुसुमबाई, भीमपूरहून आली. खोल्याखोल्यांतून फिरली, पडद्यांवरून हात फिरवला, तोंड भरून कौतुक केलं. रुपा झोपायच्या खोलीत स्टुलावर उभी राहून दांडीत कड्या ओवत होती.

"लई हुशार हाय वं पोरी तू," कुसुमबाई म्हणाली. "पण इथं जरा भडक काही लाव. सून येणार हाय आता. बाजारहत्नूरची हाय, सपना. मागच्या आठवड्यात सुपारी फुटली. सांगितलं नाही का यानं?"

रुपाच्या हातातली कडी निसटली. फरशीवर गोल फिरत नव्याच आणलेल्या पलंगाखाली गेली.

सुरेंद्र दारात उभा होता. रुपानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"काऊन जी?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "सांगा ना. काय ठरलं होतं आपलं?"

ती स्टुलावरून खाली उतरली. "काकू, हे कापड मी माह्यासाठी निवडलं होतं. तुमच्या पोरानंच निवडाले सांगितलं होतं."

कुसुमबाईच्या कपाळावर आठ्या चढल्या. "हे काय म्हणते रे ही?"

आणि सुरेंद्र हसला. ओठांनी, घाबरत, पण हसला.

"मजाक करून राह्यली, आई. दुकानात अशीच बोलते सगळ्याईशी."

सगळ्याईशी. रुपाला त्या एका शब्दानं सोलून काढलं. नकार दिला असता, तर ती रडून मोकळी झाली असती. तिनं पडदा काढला, घडी घातली, काखेत मारली.

"या खोलीचं कापड बदलून देईन, काकू. सुनेले पाठवा निवडाले."

रस्त्यावर ती नीट चालली. घरी आल्यावर मात्र केशवरावांनी नुसतं "जेवली का, बाई?" विचारलं, आणि तिला दाराची चौकट धरावी लागली.

सुरेंद्र पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. आली ती सपना, मामीला घेऊन. मामी बाहेर बांगडीवाल्याशी घासाघीस करत राहिली, आणि ती कोवळी, बुजरी पोरगी गादीच्या टोकावर टेकली. तिचा राग यावा म्हणून रुपानं खूप प्रयत्न केला. येईना.

"तुले आवडन ते घे," ती म्हणाली. "कोणाले विचारू नको."

सपनानं मोरपिशी रंगाचं, सोनेरी बुट्ट्यांचं कापड उचललं. त्या भिंतींना ते अजिबात शोभणार नव्हतं.

"चांगलं दिसन ना, ताई?"

"दिसन."

कापडावर बोट फिरवत सपना हळूच म्हणाली, "तुमी त्यांचं घर लावलं... बोलले असतीन तुमच्याशी. कसे हायेत हो ते?"

रुपाची कात्री थांबली. तोंडाशी सगळं आलं होतं. एका दमात सांगता आलं असतं, आणि या पोरीचं लग्न इथंच, या गादीवर मोडलं असतं. मोडलेलं लग्न घेऊन घरी परतणाऱ्या पोरीचं काय होतं, ते रुपाला ठाऊक होतं.

"गोड बोलतात," ती शेवटी म्हणाली. "लई गोड. पण तुले काही कबूल केलं न... तं ते सासूसमोर बोलाले लाव."

सपना लाजून हसली. तिला वाटलं, ताई थट्टा करते.

रुपानं मान खाली घातली आणि मोरपिशी कापड कापायला घेतलं.