तिसरा टोला

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्यावर बंदूक रोखली होती.

हसू नका... मला त्या वेळी मुळीच हसू येत नव्हतं. भर दुपार, आबा जेवायला घरी गेलेले आणि ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या आमच्या दुकानात मी एकटी. 'माने गन हाउस' ही पाटी वाचून लोकांना वाटतं, आत बसणारी मुलगी मोठी धीट असेल. मी कसली धीट! पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी मी. बंदुका पुसता येत होत्या, चालवता मुळीच नाही. तर अशी मी एका नळीत तेलाची चिंधी घालत बसले असताना मागच्या भिंतीवर आवाज झाला... टक्. टक्. टक्.

चिंधी नळीतच सोडून मी उठले. कारण त्याच आठवड्यात त्या भिंतीचा चुना कुणीतरी पहारीने उकरलेला सापडला होता. भिंतीच्या आत आमची कोठी, आणि कोठीत बंदुका. विकायच्या थोड्याच, बाकी साऱ्या लोकांनी सांभाळायला दिलेल्या. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला होता, आणि आता मध्यभारतही मोडून राजधानी भोपाळला जायची होती. सरदार-मानकऱ्यांची घरं एकेक करून पुण्या-मुंबईकडे चालली होती. जाताना ती आपापल्या बंदुका परवानेवाल्या आबांच्या हवाली करत होती. चंबळच्या बीहडात, त्या दऱ्याखोऱ्यांत, दडलेल्या डाकूंना ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार?

मी मागच्या खिडकीतून नळी बाहेर काढली आणि किंचाळले, "हात वर! कोण आहे?"

गल्लीत एक तरुण उभा होता. खांद्यावर तारेचं भेंडोळं, हातात हातोडी. हात वर गेले आणि हातोडी त्याच्याच पायावर पडली.

"आई गं... बाईसाहेब, भरलेली आहे का ती?"

"भरलेली नसती तर रोखली असती का?"

"तसं नाही... नळीतून चिंधी लोंबतेय, म्हणून विचारलं."

माझे कान तापले. तो मात्र वर केलेले हात तसेच ठेवून, एका पायावर उभा राहून हसत होता. असा राग आला मला! आणि त्या रागातही दिसलंच की हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटतो.

त्याचं नाव जयसिंह सावंत. विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत तो सुपरवायझर होता. नवा हुकूम निघाला होता — दुसऱ्यांची हत्यारं सांभाळणाऱ्याने कोठीला धोक्याची घंटा बसवायची आणि तिची तार थेट पोलीस चौकीला जोडायची. तेव्हाच परवाना पुढे चालेल. भिंत केवढी जाड आहे ते बघायला तो आला होता.

आबांना हे अजिबात पटलं नाही. आबा म्हणजे माझे वडील, कान्होजीराव माने, एके काळचे दरबारच्या फौजेतले. त्यांचा बंदोबस्त एकच होता. भिंत उकरलेली सापडली त्या दिवसापासून कोठीच्या दाराला आडवी खाट टाकून ते दुकानातच झोपत होते.

"तार काय, कुणीही कापील," आबा म्हणाले. "माणूस कापला तर निदान ओरडतो तरी."

ते सहज बोलून गेले. मला मात्र ते सहज घेता येईना. आई गेल्यापासून मला आबाच होते. रोज संध्याकाळी मी त्यांचा डबा त्या खाटेवर ठेवून घरी जायची, आणि सकाळी दुकान दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. भिंडच्या बाजूला एका दुकानदाराला असंच त्याच्या कोठीच्या दारात मारलं होतं. मला ती खाट दिसली की तोच माणूस डोळ्यांसमोर यायचा.

दुसऱ्या दिवशी जयसिंह दोन घंटा घेऊन आला आणि त्याने त्या काउंटरवर मांडल्या.

"पसंत तुम्ही करायची," तो आबांना म्हणाला. पण कात्री त्याने माझ्या हातात दिली. "ही पहिली. दार उघडलं की वाजते, एरवी झोपलेली. कापा हिची तार."

मी कापली. काही झालं नाही. मग त्याने दार उघडल्यासारखा खटका ओढला... तरीही काहीच नाही. दुकानात ती शांतता अशी पसरली की मला थंडी वाजली. पलीकडे चौकीवर बसलेला माणूस या शांततेला 'सब ठीक' समजणार होता.

"आता दुसरी. हिच्यातून वीज सारखी वाहत असते. दार उघडा, तार कापा, काहीही करा, वीज थांबली की हिने बोंब ठोकलीच म्हणून समजा."

मी कात्री लावली मात्र, अशी ठणाणा उठली ती की समोरचा पानवाला धावत आला आणि आबा खाटेवरून ताडकन उठले.

"पण एक खोट आहे," जयसिंह घंटा बंद करत म्हणाला. "बॅटरीची देखभाल लागते. शिवाय जरा घाबरट आहे. कशावर गंज चढला, कुठे कचरा अडकला, तरी ओरडते."

"घाबरट असली तर बिघडलं कुठे?" मी फणकारले. "घाबरणारी माणसंच जागी असतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हो ना," तो हळूच म्हणाला. "मलाही तीच बरी वाटते."

घंटेबद्दल बोलत होता का? ...मी कात्री मिटून ठेवली आणि उगाच काउंटर पुसू लागले.

घाबरट घंटा चौकीवर बसली आणि तिची तार आमच्या कोठीच्या दारावर टेकणाऱ्या पितळी पट्टीला जोडली. आबांनी खाट मात्र हलवली नाही. "दसऱ्यापर्यंत बघतो," एवढंच म्हणाले.

तपासणीची पद्धत अशी. संध्याकाळी कोठी लावली की मी घंटेचा खटका चढवायचा आणि बटण दोनदा दाबायचं. चौकीवर दोन टोले पडले की तिकडून उत्तरादाखल आमच्याकडची छोटी घंटा दोनदा वाजायची. म्हणजे तार शाबूत, सगळं ठीक. "पहिला महिना चौकीवर मी स्वतः बसणार," जयसिंहने आबांना सांगितलं. "नियमच आहे तसा." असा काही नियम नाही हे मला पुढे हवालदाराकडून कळलं.

एका संध्याकाळी माझं बोट चुकलं आणि टोला एक जास्त पडला. चुकलं म्हणजे... बरं, नव्हतं चुकलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मी मरणाची लाजले. मग आमची घंटा वाजली — एक, दोन... आणि थांबून, अगदी हळू, तिसरा.

दुसऱ्या दिवशी तो बॅटरी बघायला आला.

"काल एक टोला जास्त पडला," तो तारेकडे बघत म्हणाला.

"हो का? मग बिघाड असेल. इंजिनियरला बोलवा."

"बोलावलंय. पण त्याला काही हा बिघाड दुरुस्त करायचा नाहीये भई."

तेव्हापासून रोज तीन टोले पडायला लागले. डबा ठेवून निघताना भीती वाटायचीच, पण तिच्या जोडीला आणखी काहीतरी असायचं. मग बातमी आली की कचेऱ्या भोपाळला हलणार आणि सावंतांचं नाव पहिल्याच यादीत आहे. जयसिंह त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. टोले मात्र पडत राहिले.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा, आणि त्या वर्षी तर साऱ्या शहराची शस्त्रं आमच्याच कोठीत! ग्वाल्हेरात उरलेली सारी घरं ताटं घेऊन आपापल्या बंदुकीच्या पूजेला आली. खटका बंद ठेवला होता, कोठी सताड उघडी, पाटांवर बंदुका, त्यांवर झेंडूच्या माळा. लीलाआत्या, आबांची धाकटी बहीण, हळदकुंकवाची कुयरी घेऊन सगळीकडे फिरत होती. दुपारी बंदुका पुन्हा आत गेल्या. आबा मोरारला एका अंथरुणाला खिळलेल्या सरदारांना प्रसाद द्यायला गेले. लीलाआत्याही घरी गेली.

दिवेलागणीला मी कोठी लावली, खटका चढवला, बटण दाबलं. एक, दोन... तीन.

उत्तर आलं नाही.

पुन्हा दाबलं. नाही. बाहेर रामलीलेचे नगारे वाजत होते, सगळे पोलीस तिकडे बंदोबस्ताला. आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही. तार कापली... दुसरा विचारच सुचेना. चुना उकरणारी माणसं परत आली होती आणि त्यांनी दिवसही बरोबर निवडला होता. पळायचं तर बाहेरच जावं लागणार, आणि बाहेर ते असणार. मी दाराला अडसर घातला, हाताला लागली ती बंदूक घेतली आणि आबांच्या खाटेवर जाऊन बसले. आबा रोज इथे असेच बसतात, एवढंच मनात येत होतं.

मग धावत येणारी पावलं ऐकू आली. कुणीतरी दारावर धाडकन आदळलं. मी नळी वर केली.

"कुमुद! कुमुदिनी! आहेस ना? बोल काहीतरी... कुमुद!"

आवाज ओळखला, तरी नळी खाली घ्यायचं सुचेना.

"चिंधी..." त्याचा आवाज फुटला. "चिंधी काढलीस का गं नळीतली?"

मी अडसर काढला. जयसिंह दारात उभा होता. एका पायात चप्पल नाही, तोंड पांढरंफटक. मागून चौकीवरचा शिपाई लाठी सावरत पोचला. मी खटका चढवला त्याच क्षणी चौकीवरची घंटा ठणाणली होती. तिथे हे दोघंच. दोघंही उठून धावले, मग उत्तर देणार कोण?

शिपायाने कंदील कोठीच्या दाराकडे नेला. पितळी पट्टी दारावर जिथे टेकायची, तिथे हळदकुंकवाचा जाड थर आणि वर अक्षता चिकटलेल्या; वीज वाहणार कशी? पहारा देणारी म्हणून लीलाआत्याने तिचीही पूजा केली होती.

"लो भैया!" शिपाई हसत सुटला. "ये तो अलारम की ही पूजा हो गई!"

जयसिंह हसला नाही. तो दाराची चौकट धरून उभा होता.

"म्हणाला होतात खरं," मी म्हणाले, "घाबरट आहे म्हणून..."

"घंटा नव्हे. मी." त्याने डोळे मिटले. "मला वाटलं, तू... महिनाअखेर मी भोपाळला चाललोय. ठरवलं होतं, काही न बोलता निघून जायचं."

"न बोलता?" माझी भीती एका क्षणात संतापाने पेटली. "गप्प तारेवर माझा विश्वास नाही. तुम्हीच शिकवलंत ना? काय असेल ते धडधडीत सांगा!"

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "घरात, जन्मभर. बस्स... एवढंच आहे."

शिपायाने शहाण्यासारखं तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"मलाही तुम्ही हवे आहात," मी म्हणाले, आणि रडूच आलं. "पण आबा त्या खाटेवर आहेत तोवर मी हे शहर सोडणार नाही."

आबा दारात कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. टांग्यातून उतरून ते तसेच आत आले होते. त्यांनी खाटेकडे पाहिलं. तिच्यावर मी टाकलेली बंदूक होती.

"तू बसली होतीस इथे? एकटी?"

"थोडाच वेळ, आबा. तुम्ही तर रोज बसता."

ते कोठीच्या दाराकडे वळले. उपरण्याच्या टोकाने ती पितळी पट्टी पुसत राहिले, स्वच्छ होऊनही. दसऱ्याच्या सकाळी खाट हातगाडीवर घालून घरी नेली. संध्याकाळी जयसिंह सोनं द्यायला आला तेव्हा आबांनी आपट्याची पानं घेतली आणि म्हणाले, "तुमच्या घरचं मोठं माणूस येऊन विचारील तर बघू. आम्ही काही तारेवरून मुली देत नाही."

तो भोपाळला गेला. त्याचं मोठं माणूस म्हणजे उज्जैनचे काका, आणि ते जुन्या वळणाचे. बंदुका विकणाऱ्याची मुलगी त्यांना चालेल का, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. आबा घरी झोपू लागले, मला गाढ झोप लागायला हवी होती. पण चौकीवरून आता शिपाई उत्तर द्यायचा. दोन टोले, सरकारी. दिवाळी गेली. तुळशीचं लग्नही लागलं. मला आता नव्याच गोष्टीची भीती वाटायला लागली होती, आणि त्यावर कसलीच घंटा मिळत नव्हती.

एका संध्याकाळी नेहमीसारखा खटका चढवला आणि बटण दोनदा दाबलं. आमची घंटा वाजली. एक. दोन.

मी कुलूप उचललं.

...आणि थांबून, अगदी हळू, तिसरा.

आबा गल्ला बंद करत होते. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "शिपाई मोजायला चुकला वाटतं."

"नाही आबा. बरोबर मोजलंय."

"अच्छा." ते पुन्हा गल्ल्याकडे वळले. "एकटाच आलाय की काकांना घेऊन, ते विचार आधी."

"ते या बटणावर कसं विचारू?"

"मग चहाचं आधण जास्त ठेवायला हवं. जा, उत्तर दे. तो बिचारा तिकडे घाबरला असेल."

घाबरले तर मीही होतेच. तरी मी दाबलं — एक, दोन, आणि तिसऱ्या वेळी बोट उचलायचंच राहून गेलं. पलीकडे पडाव चौकीवर घंटा ठणाणत राहिली आणि जरा वेळाने गल्लीत धावत येणारी पावलं ऐकू आली. त्यांच्या मागून एक म्हातारा आवाज दमून ओरडत होता, "अरे जयसिंह, हळू! ती काय पळून चाललीय?"