खाट सतरा

नात जुन्या इस्पितळाच्या तळघरात उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काखेत आबांची वही होती आणि जिवाला एकच घोर. पाचला गाडी येणार.

गाडी रद्दीची. इस्पितळ नव्या इमारतीत गेलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीची नोंदवही वाळवीने इतकी पोखरली होती, की ती ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. उरणार होती ती फक्त आबांच्या वहीतली, हाताने केलेली नक्कल. तीही संग्रहालय एकाच अटीवर घेणार होतं. एकाने नक्कल वाचायची, दुसऱ्याने ती मुळाशी ताडून पाहायची, आणि खाली दोघांच्या सह्या.

"दुसरी सही हवीय ना? आणा इकडे, करून टाकते," दाराशी बसलेल्या कारकूनबाई म्हणाल्या.

"न ऐकताच?"

"अहो, मेलेल्यांची यादी ती. ऐकून काय त्यांना औषध द्यायचंय?"

नातीने वही छातीशी धरली. सहा वर्षं दूरदेशी इतिहास शिकून ती नुकतीच परतली होती, आणि अशा बोलण्याने तिच्या अंगाचा अजून तिळपापड व्हायचा. "मी आधी वाचते. सहीचं मग बघू."

"बघा बाई. तुमचे आबाही असेच. बारा वर्षं इथे येत होते. एकदा माझ्या रजेच्या अर्जात चार चुका काढल्या, तेही साहेबांच्या आधी!" बाईंनी तिच्या हातात कंदील दिला. "दिवा गेलाय. वात फार वर करू नका."

आत फिनेलचा जुना वास होता आणि त्याच्या तळाशी पेन्सिल तासल्याचा. तो आबांचा. तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आबा जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासत आले. निवृत्त झाल्यावर लोक गावी जातात, झाडं लावतात. आबा या तळघरात येऊन बसले. नात शाळेतून आली की त्यांनी केलेली नक्कल मोठ्याने वाचायची आणि आबा मूळ पानावर बोट ठेवून ऐकायचे. चूक झाली की पेन्सिलीने टेबलावर एक टक्. बरोबर असेल तर काहीच नाही. "मी गप्प, म्हणजे बरोबर." घरीही तोच कायदा. आईने "जेवण कसं झालंय?" विचारलं की आबा गप्प, आणि आई खूश. शिकायला निघताना नात त्यांना म्हणाली होती, "मला मुळीच रडू येत नाहीये." आबांनी खिशातून पेन्सिल काढली होती आणि दाराच्या चौकटीवर... टक्.

"मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही गं," ते म्हणायचे, "म्हणून त्याची ओळ दोनदा बघायची."

शेवटची चौदा पानं उरली असताना आबा गेले. त्या पानांची नक्कल नातीने केली होती. आज तपासायची होती तीच.

तिने कंदील मधे ठेवला. समोरची आबांची खुर्ची रिकामी. एक बोट मुळावर, एक नकलेवर ठेवून ती वाचू लागली. एकटीने वाचायचं तरी मोठ्याने, कारण नुसते डोळे ओळी गाळतात.

"खाट पाच. सुतार. वय चाळीस. ताप. बरा होऊन घरी... खाट नऊ. धोबीण. वय बावीस. मृत..."

पानामागून पान सरलं. वर कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"खाट सतरा. अनोळखी स्त्री. वय अंदाजे तीस. पहाटे मृत."

टक्.

तिने मान वर केली. लाकूड तडकलं असेल. तिने मूळ नोंद पाहिली. अक्षर न् अक्षर तेच होतं. ती पुन्हा, सावकाश वाचू लागली.

"खाट सतरा." शांतता.

"अनोळखी..."

टक्.

मानेवर काटा उभा राहिला, पण छातीत मात्र काहीतरी ऊब धरू लागलं. ती कुजबुजली, "पण आबा... मुळातच तसं आहे."

टक्.

"मग... मूळच चुकलंय?"

शांतता. ती शांतता तिला चांगली ओळखीची होती.

"कोण होती? शिंपीण?" टक्. "सुईण?" टक्. "इथलीच कुणी... परिचारिका?"

पाण्याचं ठिबकणंसुद्धा थांबलं होतं.

पण आबा आधाराशिवाय काही लिहू देत नसत. तिने मागची पानं चाळली. प्रत्येक पानाच्या तळाशी वॉर्डच्या परिचारिकेची गोल, टपोरी सही होती. खाट सतराच्या आदल्या दिवसापर्यंत. पुढे सही बदलली होती. तिरकी, घाईची, बाहेरून आणलेल्या कुणा नव्या बाईची. त्या नवीला जुनी कोण हे कसं ठाऊक असणार? पाच महिने इतरांची नावं लिहिणारी बाई स्वतः अनोळखी म्हणून गेली होती.

नातीचे डोळे भरून आले. तिने समासात टीप लिहिली आणि वाचून दाखवली. टेबल गप्प होतं.

त्यानंतर तिला भीती अशी वाटलीच नाही. पुढच्या पानांत दोनदा टक् झालं, दोन्ही चुका तिच्याच. एकदा तर तिला हसूही आलं. पाचला दहा मिनिटं असताना तिने शेवटची ओळ संपवली आणि खाली नक्कल तपासल्याचा दाखला लिहायला घेतला.

"वाचणार, नात," ती मोठ्याने म्हणाली. "तपासणार... आबा."

शांतता. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"आटपलं का?" कारकूनबाईंनी हाक मारली. "येऊ का सहीला?"

"नको, बाई. दुसरी सही मिळाली," ती आनंदाने म्हणाली आणि लिहू लागली. "तपासलेल्या एकूण नोंदी, एकशे बारा."

टक्.

तिने पुन्हा मोजल्या. एकशे बाराच होत्या.

"एकशे... तेरा?"

शांतता.

तिने नोंदवहीचं शेवटचं पान उलटलं. सगळ्यात खाली एक ओळ होती. फक्त खाटेचा आकडा, पुढे सगळं कोरं. लिहिणाऱ्याचा आळस समजून तिने ती ओळ नकलेत घेतलीच नव्हती. तिने कंदील जवळ ओढला आणि पेन्सिल उचलली.

"खाट चौतीस," तिने वाचलं. "नाव..."

टेबलावर काही वाजलं नाही. पण तिच्या अगदी उजव्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला. बोलायला तोंड उघडण्याआधी माणूस घेतो, तसा.