मी काढून टाकलेला प्रश्न

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती, तर मी स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

ऑस्ट्रेलियातलं होबार्ट. गेल्या जूनमधला मंगळवार. सकाळचे साडेदहा.

आमच्या ऑफिसात समुद्रावरच्या बर्फाची मोजमापं साठवतात. त्यासाठी कॉम्प्युटरला हातभर लांब कमांड द्यावी लागे. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या शेजारी बसणाऱ्या मेरिनने चार वर्षं खपून सोय केली. एक छोटा शब्द टाइप करायचा, बाकीचं आपोआप. फक्त काम सुरू होण्याआधी स्क्रीनवर प्रश्न यायचा, 'नक्की ना?' मेरिन बोलायचीही तशीच.

एप्रिलमध्ये ती कॅन्सरने गेली. हॉस्पिटलात म्हणाली होती, "ड्रू, वाटेल ते बदल रे. फाइलच्या वरचं माझं नाव तेवढं राहू दे."

मी ते पुसलं. माझं घातलं.

प्रश्नही काढून टाकला. लोकांना त्याची कटकट व्हायची.

त्या मंगळवारी चहाच्या सुट्टीत मी ती सोय सगळ्यांना दाखवत होतो.

"एवढं सगळं एकट्याने केलंस?" आमच्या साहेब नोलीनने विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि एंटर दाबलं.

काहीच झालं नाही...

मग अक्षरं उमटली.

'नक्की ना, ड्रू?'

मेरिनच्या प्रश्नात कधीच कुणाचं नाव नसायचं.

तोंडात लॅमिंग्टन केक कोंबलेला ऑफिसातला ब्रेंट हसला. "लेका, नाव घेऊन विचारतंय की! भारी केलंस."

मी 'हो' टाइप केलं.

'नक्की ना रे?'

पुन्हा 'हो'.

तेवढ्यात मागून आवाज आला... टक. टक. टक.

मेरिनच्या रिकाम्या टेबलावरून. तिचा कीबोर्ड तर मी स्वतः मे महिन्यातच कपाटात ठेवला होता.

कुणीच मान वळवली नाही.

मग काम झालं. टाळ्या पडल्या. नोलीनने पाठ थोपटली, तेव्हा मला वर बघवेना.

दुपारी मी ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. प्रश्नाची ओळ कुठेच नव्हती. वर नाव माझंच होतं.

त्या दिवसानंतर तो प्रश्न बाकी कुणाला दिसत नाही. मला रोज दिसतो.

एकदा 'नाही' लिहिलं, तिचं नाव परत घातलं, तर थांबेल कदाचित. पण मग सगळ्यांना सांगावं लागेल. माझी मलाच लाज वाटते.

आज सकाळीही तिने विचारलं.

मी 'हो'च लिहिलं.