गाण्यानंतरची खाच

तोमोनोरी त्या दुपारी घराबाहेर पडला तो टोफू आणायला. आता टोफूवाला घरापासून डावीकडे आणि ओतोवासानचं जुन्या रेकॉर्डचं दुकान उजवीकडे. पण टोफूला म्हणून निघालेले त्याचे पाय नेमके उजवीकडे वळायचे. साठी उलटली तरी खोड जाईना. माणसाला कशाचं वेड लागेल याचा काही नेम नसतो बघा. कुणी तिकिटं जमवतं, कुणी बाहुल्या. तोमोनोरी रेकॉर्ड जमवायचा, आणि तीही एकच.

हो, एकच! ‘युनागी’ नावाच्या चार पोरींच्या गटाची, निवडक गाण्यांची. ती पहिल्यांदा निघाली तेव्हा तो शाळकरी होता. पुढे ती निघतच राहिली. या कारखान्यात छापलेली वेगळी, त्या कारखान्यातली वेगळी, रेडिओवाल्यांसाठी वेगळी, परदेशी धाडलेली आणखी वेगळी. गाणी तीच, पण कुठे ढोल पुढे, कुठे व्हायोलिनं मागे, आवाजांची मिसळण दर खेपेला निराळी. घरातली मागची खोली त्या एका रेकॉर्डने भरून गेली होती.

“ये, आलास?” ओतोवासान शेगडीजवळून उठल्यासुद्धा नाहीत. सत्तरीची बाई, पण जीभ विळीसारखी. “अरे, एकाच आमटीच्या वाट्या मांडून बसतोस आणि प्रत्येक वाटी चाखून म्हणतोस, ही ती नव्हे!”

“नव्हेच ती,” तो म्हणाला.

त्याचं दुखणं त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर त्या चिडवत. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात चौघींच्या मागे गुणगुणणारा आवाज मुळात त्याच्या थोरल्या बहिणीचा होता, चिझुरुचा. गाणारी होणार म्हणून ती आईशी कडाक्याचं भांडून टोकियोला गेली आणि कोरसात उभी राहिली. एकदा तिने घरी फोन केला. आईने रिसीव्हर उचलला, तिचा आवाज ओळखला आणि रागाच्या भरात तसाच खाली ठेवला. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने चिझुरु गेली. कंपनीने तिच्या जागी दुसरी मुलगी आणून तेवढा भाग नव्याने गाऊन घेतला. पण कुठल्याशा एका खेपेला चुकून जुनीच टेप लागली, असं शौकीन मंडळी सांगायची. कुठली खेप, ते मात्र कुणी सांगेना.

आणि आई आता नव्वदीच्या पुढे. थंडी पडल्यापासून तिने अन्नच टाकलं होतं. “एकदा तिचा आवाज ऐकव, मग बघू जेवणाचं,” एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर त्यांना वसंत दिसणं कठीण आहे.

“ही बघ,” ओतोवासाननी एक रेकॉर्ड पुढे सरकवली. “निगाताच्या एका घरातून आलीय. आतल्या कडेचं अक्षर बघ आधी, मग नाक मुरड.”

तोमोनोरीने ती दिव्याखाली तिरकी धरली. मधल्या कागदी चकतीच्या कडेला, कोऱ्या काळ्या पट्टीत, कारखान्यात हाताने कोरलेला नंबर होता आणि त्यापुढे एक अक्षर. ते त्याने आजवर कधीच पाहिलं नव्हतं. त्याने ती लगेच विकत घेतली. टोफू राहिला टोफूच्या ठिकाणी, तो तसाच घरी आला.

समुद्रावरून वारा सुटला होता. साकाता गावचा वारा तो, बर्फाला खाली पडूच देत नाही, आडवाच पळवतो. दिवस मावळायला आला होता. आई गोधडीत पाय घालून मेजाशी बसली होती, शेजारी रॉकेलच्या शेगडीवर किटली होती. त्याने रेकॉर्ड लावली आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून ऐकू लागला.

शेवटचं गाणं आलं. चौघींचा आवाज चढला, मागून गुणगुण सुरू झाली… आणि त्याचा चेहरा पडला. तीच ती दुसरी मुलगी. पुन्हा तीच!

आता शौकीन लोकांची एक रीत असते. शेवटचं गाणं विरत आलं की सुई अलगद उचलायची. पुढच्या कोऱ्या खाचेत फिरून ती उगाच झिजायला नको. तोमोनोरीने आयुष्यात एकदाही ती रीत मोडली नव्हती. पण आज त्याचं मनच खचलं होतं. आईच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. चुलीवर पेज उतू जाते आहे म्हणत तो स्वयंपाकघरात निघून गेला आणि सुई तशीच राहिली.

बाहेरच्या खोलीतून नुसता आवाज येत होता. ख्स्स… टक्. ख्स्स… टक्. बर्फातून कुणी पाय ओढत चालावं तसा. किटलीचं झाकण खडखडत होतं. तोमोनोरी पेज ढवळता ढवळता थांबला. रॉकेलच्या वासातून दुसरा एक वास आला. केसांना लावायच्या कॅमेलियाच्या तेलाचा. चिझुरुनंतर या घरात ते तेल कुणीच लावत नव्हतं.

“हो गं… हो…” बाहेर आई बोलत होती. “नाही, अजून नाही…”

“आई, कोणाशी बोलतेस?” त्याने विचारलं.

 तो दारापर्यंत आला आणि तिथेच खिळला.

“जेवून घे ना मग…” स्पीकरमधून आवाज आला. तरुण मुलीचा, सर्दीने जरा बसलेला.

“जेवते गं बाई, जेवते.” आईचे गाल ओले होते. “तू… तू रागावली नाहीस ना माझ्यावर?”

ख्स्स… टक्.

“नाही गं.”

मग नुसती खरखर.  तोमोनोरीला भीती वाटत होती, हे खरंच. पण त्याला पळून जावंसं वाटलं नाही, हेही तितकंच खरं.

आईने वाटीभर पेज खाल्ली, वर खारवलेला आलुबुखार मागून घेतला. “आणि टोफू कुठाय?” तिने दरडावून विचारलं. “मेल्या, टोफूला जातोस की टोफू पेरायला जातोस!”

त्याने सुई पुन्हा त्या खाचेत ठेवली. काही नाही. पुन्हा ठेवली. नुसती खरखर.

“आला फोन, झालं बोलणं,” आई म्हणाली. “आता सारखा काय फिरवतोस?”

दिवस गेले तशी आई रोज थोडं जास्त जेवू लागली. डॉक्टर चक्रावले. पण तोमोनोरीला चैन पडेना. आपल्या रेकॉर्डवर काही उरलं नाही, पण त्याच साच्यातून निघालेल्या दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डवर असेल की! एका सकाळी, लख्ख ऊन बर्फावर पडलेलं असताना, तो दुकानात गेला आणि ओतोवासानना सगळं सांगून बसला. त्या हसतील असं त्याला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. काचेच्या कपाटातून त्यांनी एक रेकॉर्ड काढली.

“निगाताच्या त्याच घरातली. वेष्टन शाबूत आहे. छापल्या दिवसापासून हिला हवासुद्धा लागलेली नाही.” त्यांनी चाकू उचलला, पण हात थबकला. “जन्मभर लोकांना सांगत आले, बाबांनो, बंद असलेली कधी फोडू नका… जाऊ दे!”

वेष्टन फाटलं. आतल्या कडेला तेच अक्षर होतं. ओतोवासाननी थेट शेवटचं गाणं लावलं. ते विरू लागलं तसा सवयीने तोमोनोरीचा हात सुईकडे गेला. त्यांनी त्यावर फटका मारला.

“हात काढ!”

ख्स्स… टक्.

“हो गं… हो… नाही, अजून नाही…”

चिझुरुचा नव्हे, आईचा आवाज होता तो. नव्वदी ओलांडलेला, कापरा. त्यामागे किटलीचं झाकण खडखडत होतं.

ओतोवासाननी काउंटरची कड घट्ट पकडली.

“आई, कोणाशी बोलतेस?” रेकॉर्डमधून तोमोनोरीच विचारत होता.

मग सर्दीने बसलेला तो आवाज. आईचं उत्तर. प्रश्न. “नाही गं.”

पण इथे खरखर लागली नाही. खाच पुढे चालूच राहिली. सरकतं दार उघडल्याचा आवाज आला, वारा आत शिरला. आणि तोमोनोरीचाच आवाज, आनंदाने दाटलेला:

“ताई! अगं, दारात काय उभी राहिलीस? आत ये, गारठशील.”

सुई मधल्या चकतीला टेकली आणि थांबली.

“हे… हे तू कधी म्हणालास रे?” ओतोवासाननी कुजबुजत विचारलं.

तोमोनोरी गळ्याला मफलर गुंडाळत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“अजून नाही म्हणालो,” तो म्हणाला आणि झपाझप घराकडे निघाला.