एका हाकेत आलास

संजीव, ते पुस्तक मिट आणि आधी ऐक. हसू नकोस. दादाच्या घरून, श्रूजबरीहून, पहिल्या बसने निघून आलोय, अजून बूटसुद्धा काढले नाहीत.

तीन आठवड्यांपूर्वी माझा मोठा भाऊ, विनयदादा, ऑफिसातल्या कोणाची तरी रायफल घेऊन आला आणि म्हणाला, चल पशा, व्हरमॉन्टला हरणं मारू. आम्ही दोघं! घरात झुरळ दिसलं तर लतिका वहिनीला बोलावणारे. आईला फोनवर सांगितलं, झाडं बघायला जातोय. दोघांना केशरी जाकिटं घेतली. ती घालावीच लागतात, नाहीतर कोणी हरीण समजून आपल्यालाच उडवायचा.

दिवसभर हरणाचं शेपूटही दिसलं नाही. अंधार पडताना तंबू ठोकला. दादा म्हणाला, ओढ्यावरून पाणी आणतो, येतोस? मी म्हटलं, तूच जा. आणि वॉकमन लावून स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो.

कॅसेट संपली आणि एकदम... शांत. पान वाजत नव्हतं. कुजक्या ओल्या पानांचा वास मात्र आत आला होता. मग ओढ्याकडून हाक आली.

"पशा..."

दादाचाच आवाज. पण कसा तरी... जमिनीलगतचा.

मीनाक्षी मावशीने लहानपणी आमच्या डोक्यात भरवलं होतं, रानात रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो, 'ते' एकदाच मारतं. मी मोजत बसलो. केमिस्ट्रीत पीएचडी करतोय मी, यार. एक... दुसरी आलीच नाही.

खरं सांगू? आली नाही म्हणून मला बरं वाटलं. तंबूची चेन वरपर्यंत ओढली आणि उजाडेपर्यंत बाहेर पडलो नाही. दादा परतला नाहीये हे माहीत असून. मावशीचं नाव उगाच घेतोय. मी नुसता घाबरलो होतो.

सकाळी तो ओढ्यातल्या दगडांत सापडला. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे. अंगात त्याचं जाकीट होतं, आणि वरून आणखी एक केशरी जाकीट पांघरलेलं. माझं माझ्या अंगात होतं, संजीव.

मला बघून तो हसला. म्हणाला, "एका हाकेत आलास रे... रात्रभर उशाशी बसलास. हात किती गार तुझे."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ते पांघरूण नसतं तर रात्र निघाली नसती. वहिनीने विचारलं, "भावोजी, तुम्ही होतात ना जवळ?"

मी हो म्हणालो.

बस, तेवढंच. मग वहिनी रडल्या, आईचा फोन आला, सगळ्या श्रूजबरीत बातमी झाली. शेजारच्या सुलभा काकू घरी पुरणपोळ्या घेऊन आल्या, मला समोर बसवून त्यांनी वाढल्या, आणि मी खाल्ल्या. चार.

काल रात्री मात्र ठरवलं, सकाळी दादाला खरं सांगायचं. मी हॉलमध्ये सोफ्यावर, दादा प्लॅस्टरमध्ये आतल्या खोलीत. वहिनी वर माडीवर झोपलेल्या. दोनच्या सुमाराला आतून हाक आली.

"पशा..."

मी उठून बसलो. म्हटलं, या वेळी पहिल्या हाकेला जायचं, आत्ताच सांगून टाकायचं. तोंड उघडलं... तेवढ्यात आतून, दादाच्या उशाशी...

"ओ. आलो, दादा."

माझा आवाज, संजीव. अगदी माझा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि दादा निवांतपणे म्हणाला, "बस."

चार पावलांवर ती खोली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. ओल्या पानांचा वास येत होता... आणि मी पुन्हा तेच केलं. बूट हातात घेतले, बाहेरचं दार हळूच ओढून घेतलं, बस स्टेशनवर जाऊन बसलो.

आता दुपारचे दोन वाजलेत. मी न सांगता निघून आलोय. वहिनी अशा की पाच मिनिटं उशीर झाला तरी चार ठिकाणी फोन करतात. तू सकाळपासून इथेच आहेस, आज एकही फोन नाही. म्हणजे त्या घरात मी नाहीये, हे अजून कोणाला जाणवलेलंच नाही...

हा बघ, मगापासून फोन मांडीवर घेऊन बसलोय. नंबर फिरवला तर उचलेल कोण? तू सांग ना. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?